ट्रॅव्हल ट्रेलर ओढताना येणारे हेलकावे कसे रोखावेत : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, पहिल्यांदाच गाडीला जोडणाऱ्याला सर्वांत जास्त धास्ती असते ती हेलकाव्यांची, आणि ती अनाठायी नाही. गाडी सरळ चाललेली असताना डाव्या आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा क्षणभर डोकावतो, नाहीसा होतो, मग उजव्या आरशात डोकावतो, आणि दर खेपेला तो आधीपेक्षा थोडा जास्त बाहेर आलेला दिसतो. साधारण दोन सेकंदांना एक अशा लयीत हे हेलकावे वाढू लागले, की काही क्षणांतच ट्रेलर मागच्या मागे गाडीला रस्त्यावरून फिरवू शकतो.

बहुतेक नवखे या भीतीपोटी आधी दुकान गाठतात आणि हेलकावे रोखणारे एखादे उपकरण विकत घेतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. वजन, टायर, जोडणीची उंची आणि मग उपकरण, हाच क्रम योग्य आहे. चुकीच्या भरलेल्या ट्रेलरला महागडे उपकरण लावले तर दोष नाहीसा होत नाही, तो फक्त अधिक वेगापर्यंत लपून राहतो आणि उघडा पडतो तेव्हा सावरायला वेळ उरत नाही. खालचे टप्पे त्यामुळे याच क्रमाने करावेत.

१. आधी दोष नेमका कोणता आहे ते ओळखा

ट्रेलर ओढताना जाणवणारी प्रत्येक हालचाल म्हणजे हेलकावा नव्हे. मोठा ट्रक बाजूने पुढे जातो तेव्हा त्याच्यापुढची दाबलेली हवा आधी ट्रेलरचा मागचा भाग बाजूला ढकलते, आणि ट्रक समांतर आला की दोन्ही वाहने एकमेकांकडे ओढली गेल्यासारखी वाटतात. असा धक्का एकदा बसून ट्रेलर लगेच स्थिर होत असेल, तर तो वाऱ्याचा परिणाम आहे. रस्त्यावरच्या उंचवट्यानंतर गाडीचे नाक वर-खाली होत राहिले तर तो स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि वजन विभागणीचा प्रश्न आहे. खरा हेलकावा आडवा असतो आणि धक्का संपल्यावरही चालूच राहतो. तो दोन-तीन झोक्यांत आपोआप विरत असेल तर गाडी आणि ट्रेलरची जोडी स्थिर आहे, पण विरायला वेळ लागत असेल तर सध्याच्या वेगाच्या थोडे पुढेच धोक्याची हद्द आहे असे समजावे.

ही हद्द वेगाशी का बांधलेली असते हे समजले की पुढचे सारे सोपे जाते. ट्रेलर आडवा सरकू लागला की त्याची चाके जिकडे तोंड करून आहेत आणि प्रत्यक्षात जिकडे जात आहेत, त्या दोन दिशांमध्ये एक लहानसा कोन तयार होतो, आणि त्या कोनामुळेच टायर आडव्या सरकण्याला विरोध करतात. ट्रेलर तितक्याच जोराने आडवा सरकत असला तरी पुढचा वेग वाढला की हा कोन लहान होतो, म्हणून विरोधही कमी पडतो. प्रत्येक जोडीचा एक वेग असा असतो, की त्याच्या खाली हेलकावे विरतात आणि त्याच्या वर ते वाढत जातात. आपले सारे काम हा वेग आपण प्रत्यक्ष गाठणार असलेल्या वेगाच्या बराच वर नेऊन ठेवण्याचे आहे.

२. लागणारी कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रांत गाडीची मालक-पुस्तिका, गाडीच्या दाराच्या चौकटीवरील वजन व हवेच्या दाबाचा तक्ता, हिचच्या (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे असलेल्या जोडणीच्या) नळीवर लावलेली क्षमतेची पट्टी, ट्रेलरवरील वजनाची पाटी, हिच आणि उपकरण यांच्या पुस्तिका आणि वजनकाट्याच्या पावत्या एवढे हवे. किती वजनाचा ट्रेलर कोणत्या परवान्यावर ओढता येतो आणि ट्रेलरसह वेगमर्यादा किती, हे देशागणिक बदलते. ते आपल्या परिवहन खात्याच्या नियमांत आधी पाहून घ्यावे.

साधनांत टायरचा दाब मोजणारे गेज, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना), मोजपट्टी, स्पिरिट लेव्हल, चाकांखाली लावायचे ठोकळे, जाड हातमोजे आणि शक्य असल्यास टंग वेट (ट्रेलरचा गाडीवर पडणारा भार) मोजणारा छोटा काटा असावा. टॉर्क रेंचवर कुणी काटकसर करू नये, कारण बॉलचा (ट्रेलर ज्यावर बसतो त्या हिचवरच्या गोळ्याचा) नट आणि चाकांचे नट अंदाजाने आवळण्याच्या गोष्टी नाहीत.

३. वजनकाट्यावर जा, आणि तेही पूर्ण भरलेल्या ट्रेलरसह

ट्रेलर गाडीच्या बॉलवर खाली जेवढा भार टाकतो त्याला टंग वेट म्हणतात. हेलकाव्यांच्या बाबतीत सर्वांत निर्णायक आकडा हाच आहे. अमेरिकी पद्धतीच्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी तो भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा संकेत आहे. युरोपीय कॅरव्हानसाठी तो ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास धरतात, कारण तिथल्या बहुतेक गाड्यांची आणि कपलरची (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाची) मर्यादा बरीच कमी, अनेकदा ७५ ते १०० किलोच असते, आणि तिथले वेगही त्या हिशेबाने मर्यादित असतात. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या ट्रेलरला लावू नये. कोणत्याही परिस्थितीत गाडी, हिच आणि कपलर या तिघांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच खरी मर्यादा.

माहितीपत्रकात छापलेले टंग वेट रिकाम्या ट्रेलरचे असते. गॅसच्या टाक्या, बॅटरी, पाणी आणि सामान चढले की ते पार बदलते. म्हणून प्रवासाला निघताना जेवढे सामान असेल तेवढे भरून, टाकी नेहमीसारखी ठेवून, माणसांसकट काट्यावर जावे. तीन वजने घ्यावीत : एकटी गाडी, वजन विभागणारे बार (त्यांचे काम सहाव्या टप्प्यात येते) न लावता जोडलेला ट्रेलर, आणि बार लावून जोडलेला ट्रेलर.

एक उदाहरण घेऊ. एकट्या गाडीचे पुढच्या आसावर (ॲक्सलवर) १४०० आणि मागच्या आसावर १३०० किलो, म्हणजे एकूण २७०० किलो भरले. ट्रेलर बारविना जोडल्यावर पुढे १३००, मागे १७०० आणि ट्रेलरच्या आसांवर २४०० किलो भरले. गाडीच्या दोन आसांवर आता ३००० किलो आहेत, म्हणजे टंग वेट ३०० किलो. ट्रेलरचे एकूण वजन २४०० अधिक ३०० म्हणजे २७०० किलो, आणि ३०० किलो म्हणजे त्याचे सुमारे ११ टक्के. हा आकडा ठीक आहे. पण त्याच पावतीत पुढची चाके १०० किलोंनी हलकी झालेली दिसतात, आणि स्टिअरिंगची पकड पुढच्या चाकांवरच अवलंबून असते. हा प्रश्न सहाव्या टप्प्यात सोडवायचा आहे. मागच्या आसाची आणि हिचची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हेही याच पावतीवरून तपासावे.

घरी टंग वेट मोजायचे असेल तर साधा वजनाचा काटा आणि एक मजबूत तुळई पुरते. सपाट जागेवर चाकांना ठोकळे लावून ट्रेलर समतल करावा. तुळईचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर टेकवून, कपलरचा भार विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर येईल असा घ्यावा. काट्यावर दिसेल त्याच्या तिप्पट हे टंग वेट. तुळईचे स्वतःचे वजन काट्यावरून आधी वजा करायला विसरू नये.

४. सामानाची मांडणी : इथे सर्वांत जास्त वेळ द्या

ढोबळ नियम असा, की ट्रेलरमधील सामानाचे सुमारे ६० टक्के वजन आसाच्या पुढच्या बाजूला असावे, जड वस्तू जमिनीलगत आणि आसाच्या शक्य तितक्या जवळ असाव्यात, आणि डावी-उजवी बाजू समतोल असावी. पण या नियमाचा अर्धाच भाग लोक पाळतात. टंग वेट वाढवायचे म्हणून सगळे जड सामान पुढच्या कप्प्यात कोंबतात, मागे तितकेच जड काहीतरी ठेवतात, आणि काट्यावर टक्केवारी बरोबर आली म्हणून निर्धास्त होतात. दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा झुलू लागला की थांबायला फार वेळ घेतो, कारण झुलण्याला मिळणारे बळ आसापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढते. आसापासून ४ मीटरवर बांधलेले ३० किलो हे १ मीटरवर ठेवलेल्या ३० किलोंच्या सोळा पट परिणाम करतात.

मागच्या बंपरवर सायकली टांगण्याची सवय म्हणूनच मला सर्वांत घातक वाटते. स्टँडसह ३० किलोंच्या सायकली आसाच्या ४ मीटर मागे आणि आसापासून बॉल ५ मीटर पुढे असेल, तर ३० गुणिले ४ भागिले ५ म्हणजे २४ किलो टंग वेट एका झटक्यात कमी होते, आणि वरून सोळापट झुलण्याची ताकद मिळते. सायकली गाडीच्या टपावर किंवा गाडीच्या आत न्याव्यात.

पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. १ लिटर म्हणजे १ किलो, त्यामुळे १५० लिटरची टाकी आसाच्या मागे असेल तर ती भरल्याबरोबर टंग वेट घसरते, आणि पुढे असेल तर वाढते. आपल्या ट्रेलरच्या तिन्ही टाक्या (स्वच्छ पाणी, सांडपाणी आणि शौचालयाची) नेमक्या कुठे आहेत ते खाली वाकून पाहावे किंवा आराखड्यात शोधावे. टाकी एकतर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवावी, कारण अर्धवट पाणी वळणावर बाजूला धावते. सांडपाण्याच्या टाक्या मागे असतील तर निघण्यापूर्वी त्या रिकाम्या कराव्यात. जाताना स्थिर असलेला ट्रेलर परतीच्या प्रवासात झुलू लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

५. टायर, चाके आणि खालची तपासणी

दाब टायर थंड असताना मोजावा. ट्रेलरच्या टायरांत पाटीवर दिलेला दाब भरावा. ट्रेलरसाठीच बनवलेल्या टायरांना बहुधा बाजूच्या भिंतीवर छापलेला कमाल थंड दाब लागतो. गाडीच्या मागच्या टायरांत ओझ्यासाठी दिलेला दाब भरावा. हवा कमी असलेल्या टायरची भिंत आडवी लवते, आणि ज्या विरोधावर आपण वर विसंबलो तोच ढिला पडतो. त्यामुळे पीळ सहन करणाऱ्या, जाड भिंतीच्या टायरांमुळे ओढणाऱ्या गाडीत लक्षणीय फरक पडतो.

टायरवर चार आकड्यांत बनावटीचा आठवडा आणि वर्ष असते. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. ट्रेलर महिनोन्महिने एका जागी उभा असतो, म्हणून खोबणी शाबूत दिसूनही रबर म्हातारे झालेले असू शकते. टायरची वेगमर्यादाही पाहावी, कारण ट्रेलरचे अनेक टायर ताशी सुमारे १०४ किलोमीटरपर्यंतच मान्य असतात.

चाकांचे नट ठरलेल्या टॉर्कने आवळावेत. चाक काढून बसवले असेल तर पहिल्या ८० किलोमीटरमध्ये दोन-तीनदा थांबून पुन्हा तपासावेत. स्प्रिंगचे बोल्ट, बुशिंग आणि बेअरिंग यांत ढिलाई असेल किंवा टायर एकाच कडेला झिजत असतील, तर आस वाकडा असण्याची शक्यता असते. तो ट्रेलर आधी कारागिराकडे न्यावा.

६. हिचची उंची आणि वजन विभागणी

जोडल्यावर ट्रेलर समतल किंवा नाकाशी किंचित खाली झुकलेला असावा, नाक वर गेलेला कधीच नसावा. नाक वर गेले की वजन मागे सरकते आणि दोन आसांच्या ट्रेलरमध्ये मागच्या आसावर जास्त भार पडतो. बॉलची उंची बदलण्यासाठी खाली-वर सरकणारा माउंट घ्यावा.

वजन विभागणारा हिच स्प्रिंगच्या बारांनी काम करतो. हे बार गाडी आणि ट्रेलर यांच्यातील सांध्याला वर उचलून धरतात आणि मागच्या चाकांवर आलेल्या भाराचा काही हिस्सा गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या आसांवर परत पाठवतात. वरच्या उदाहरणात बार लावल्यावर पुढे १३६०, मागे १६०८ आणि ट्रेलरवर २४३२ किलो झाले, म्हणजे पुढच्या चाकांनी गमावलेल्या १०० पैकी ६० किलो परत आले.

काटा हाताशी नसेल तेव्हा पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजावी. ट्रेलर जोडण्यापूर्वी ती ९० सेंटिमीटर, बारविना जोडल्यावर ९३ आणि बार लावल्यावर ९१.५ भरली, तर निम्मी उंची परत मिळाली. किती परत मिळवायची हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही उत्पादक निम्मी सांगतात, काही त्याहून अधिक, तर काही गाड्यांना असा हिच लावण्यास मनाईच असते. उंची मूळ ९० च्याही खाली नेऊ नये, कारण मग मागची चाके हलकी होतात आणि ओल्या वळणावर गाडीचीच शेपटी निसटते.

बार अडकवताना कपलर बॉलवर बंद करून, पुढच्या जॅकने ट्रेलरचे नाक आणि गाडीचा मागचा भाग एकत्र उचलावा, म्हणजे बारवरचा ताण कमी होतो. ताणलेला बार निसटला तर हाड मोडू शकते, म्हणून चेहरा आणि पाय त्याच्या रेषेत ठेवू नयेत.

नवख्यांचा इथे मोठा गैरसमज होतो. वजन विभागणारे बार स्वतः हेलकावे शोषत नाहीत. ते स्टिअरिंगची पकड परत देतात. हेलकावे शोषण्याचे काम वेगळ्या यंत्रणेचे आहे, मग ती त्याच हिचमध्ये बसवलेली का असेना.

७. हेलकावे रोखणारे उपकरण निवडताना

सर्वांत साधा प्रकार म्हणजे घर्षणाची पट्टी, जी एका बाजूला बसवलेली असते आणि वळताना सरकण्याला विरोध करते. ती हलक्या ट्रेलरला चालते. पण तीव्र वळण घेत मागे येताना ती वाकू शकते, म्हणून तशा वेळी ती काढून ठेवण्याच्या सूचना असतात, आणि निसरड्या रस्त्यावर ती ढिली करावी लागते. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंग बारच्या टोकांशीच घर्षण किंवा खाचा असतात. बहुतेक मध्यम ट्रेलरसाठी मी हाच सुचवेन. तिसऱ्या प्रकारात जोडकांड्यांच्या रचनेमुळे ट्रेलर जणू बॉलभोवती न वळता गाडीच्या मागच्या आसाजवळच्या बिंदूभोवती वळतो. तो महाग आणि जड आहे, पण लांब ट्रेलरला मनापासून घ्यावा असा आहे.

युरोपीय कपलरमध्ये घर्षणाचे पॅड बॉललाच आवळून धरतात. तिथे बॉलवर ग्रीसचा थेंबही चालत नाही. बॉल कोरड्या कापडाने पुसावा, त्यावरचा रंग खरवडून काढावा, आणि पॅडवर काळसर चकाकी आली असेल तर ते घासून किंवा बदलून घ्यावेत. चकाकणारे पॅड कुरकुर करतात आणि पकड सोडतात. याउलट साध्या बॉलला ग्रीस लागतेच, म्हणून आपला प्रकार कोणता ते पुस्तिकेत पाहावे.

अनेक नव्या गाड्यांत ट्रेलरचे हेलकावे ओळखून गाडीची चाके एकेक करून ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, आणि काही ट्रेलरवर अशीच स्वतंत्र यंत्रणा बसवता येते. ही यंत्रणा हेलकावे सुरू झाल्यावर कामाला लागते, म्हणून तिच्या भरवशावर आधीचे टप्पे गाळू नयेत. ट्रेलरला धक्क्याने चालणारे ओव्हररन ब्रेक असतील, तर वजन विभागणारा हिच किंवा घर्षणाचे उपकरण त्यांच्याशी जुळते का, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे.

८. ब्रेक कंट्रोलर बसवा आणि त्याची लिव्हर हातात बसवून घ्या

विजेच्या ब्रेकचा ट्रेलर असेल तर गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. गाडी जितक्या जोराने मंदावते तितक्याच प्रमाणात ट्रेलरचा ब्रेक लावणारा प्रकार घ्यावा. मोकळ्या जागेत ताशी ४० किलोमीटरने जाऊन फक्त हाताची लिव्हर दाबावी; ट्रेलरने गाडी ठामपणे मागे खेचली पाहिजे, पण चाके जाम होता कामा नयेत. ती लिव्हर अंधारातही न शोधता सापडावी, अशा जागी बसवावी. जोडणी तुटल्यास ट्रेलरचा ब्रेक लावणारी केबल, तिची बॅटरी आणि कपलरखाली फुलीसारख्या ओलांडलेल्या साखळ्या दर वेळी तपासाव्यात.

९. रस्त्यावर

पहिला प्रवास वाऱ्याच्या दिवशी करू नये. सुरुवातीला ताशी ७० पर्यंत जाऊन आरशांत मागचे कोपरे पाहावेत, मग हळूहळू वेग वाढवावा, पण टायर आणि नियम यांच्या मर्यादेच्या खालीच राहावे. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, कारण उतारावर वेग नकळत वाढतो आणि बहुतेक मोठे हेलकावे तिथेच सुरू होतात. मागून ट्रक येताना दिसला तर आपल्या लेनमध्ये शक्य तितके दूरच्या कडेला राहावे आणि स्टिअरिंग स्थिर धरावे. घाईने लेन बदलणे टाळावे.

१०. हेलकावे सुरू झालेच तर

ॲक्सिलरेटरवरून पाय सावकाश उचला, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ट्रेलरच्या ब्रेकची लिव्हर हळूहळू दाबत न्या. ट्रेलर मागे ताणला जातो आणि सरळ रेषेत येतो. गाडीचा ब्रेक दाबू नका, कारण मागून ट्रेलर ढकलू लागतो. हेलकाव्याच्या उलट दिशेने स्टिअरिंग फिरवू नका, कारण माणसाची प्रतिक्रिया उशिरा पोहोचते आणि प्रत्येक वळवणे पुढच्या झोक्याला हातभार लावते. वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. वेग हाच या दोषाचा आहार आहे. ओव्हररन ब्रेकच्या ट्रेलरला लिव्हर नसते, तेव्हा फक्त पाय उचलून स्टिअरिंग घट्ट धरावे.

गाडी स्थिर झाली की पहिल्या सुरक्षित जागी थांबा. सगळे टायर, नट आणि बेअरिंगची उष्णता हाताने नीट पाहा, कपलर व बार तपासा, आणि आत जाऊन सामान मागे सरकले आहे का ते बघा. कारण सापडले तर तिथेच दुरुस्त करा. सापडले नाही, तर हेलकावे ज्या वेगाला सुरू झाले त्याच्या बराच खाली, ताशी ६०-७० च्या वेगाने जवळच्या वजनकाट्यापर्यंत जा, आणि तिसऱ्या टप्प्यातली तिन्ही वजने पुन्हा घ्या.